बाळासाठी सेंद्रिय अन्न घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ सहा महिन्यांचं व्हायला आलं की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: वरचं खाणं आणि त्याबद्दलचे सल्ले. त्यात ‘निदान बाळाला तरी सेंद्रियच द्या’ हे इतक्या वेळा कानावर पडतं की न देणारे आईबाप उगाचच अपराधी होऊन बसतात. मी स्वतः सेंद्रियच्या बाजूची आहे. मात्र सगळ्याच बाबतीत नाही, आणि कुठे नाही ते वाचताना कळेलच.

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, असंच ना?

नाही. सेंद्रिय शेतीत कृत्रिम रासायनिक खतं, जवळपास सगळी कृत्रिम कीटकनाशकं, जनुकीय बदल केलेलं बियाणं आणि अन्न टिकवण्यासाठीचं विकिरण चालत नाही. जनावरांना वाढीसाठी संप्रेरकं टोचता येत नाहीत. पण कीड सेंद्रिय शेतातही पडतेच. तिथे कडुनिंबाचं तेल, गंधक, तांब्याची संयुगं, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम, मातीतल्या जिवाणूपासून मिळणारं स्पिनोसॅड अशी ठरावीक यादीतली औषधं मारायला परवानगी असते.

जमीनही एका रात्रीत सेंद्रिय होत नाही. अमेरिकी नियमांत पिकाच्या काढणीआधी ३६ महिने त्या जमिनीवर बंदी असलेलं काही पडलेलं चालत नाही. युरोपीय संघात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षं थांबावं लागतं.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. ‘सेंद्रिय’ हा शब्द पीक कसं वाढवलं तेवढंच सांगतो. त्या अन्नात लोह किती, साखर किती, ते सहा महिन्यांच्या बाळाला गिळता येईल का, यातलं काहीच तो सांगत नाही.

पाकिटावर ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘केमिकल फ्री’ लिहिलंय. ते तेच झालं ना?

तेच नव्हे. सेंद्रिय या शब्दामागे बऱ्याच देशांत कायदा, तपासणी आणि प्रमाणपत्र असतं. ‘नैसर्गिक’ या शब्दामागे बहुतेक वेळा फक्त जाहिरात लिहिणारा असतो. आणि ‘केमिकल फ्री’ असं तर काही नसतंच; पाणीसुद्धा रसायनच आहे.

मग लेबलवर नेमकं काय बघायचं?

आधी प्रमाणीकरणाचं चिन्ह. युरोपीय संघाचं हिरवं पान २०१० पासून तिथल्या पाकीटबंद सेंद्रिय मालावर बंधनकारक आहे आणि त्याच्याजवळ तपासणी करणाऱ्या संस्थेचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. अमेरिकेत कृषी खात्याचा गोल शिक्का २००२ पासून आहे. भारतात ‘जैविक भारत’, जपानमध्ये ‘जेएएस’. चिन्हाशेजारी क्रमांक किंवा प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव नसेल तर मी पाकीट परत ठेवते. चिन्ह छापायला शाई पुरते, क्रमांक मात्र पडताळून बघता येतो.

मग टक्केवारी. अमेरिकी नियमांत ‘ऑर्गॅनिक’ लिहायचं तर पाणी आणि मीठ सोडून किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय लागतात. ‘ऑर्गॅनिक घटकांपासून बनवलेलं’ असं लिहायला ७० टक्केही पुरतात, पण मग शिक्का लावता येत नाही. युरोपातही हिरव्या पानासाठी शेतीतून आलेले ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात.

आणि मग, खरं तर सगळ्यात आधी, पाकीट उलटं करून घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. परवाच बाळांच्या पातळ अन्नाचा, तोटीवाला एक सेंद्रिय पाउच हातात घेतला. पुढच्या बाजूला पालकाची टवटवीत पानं, गाजर आणि एक हसरं बाळ. मागे, तांदळाएवढ्या अक्षरांत: सफरचंदाचा गर, नाशपातीचा गर, गाजर, आणि शेवटून दुसऱ्या जागेवर पालक. म्हणजे पालकाचा रंग असलेलं सफरचंद. यात खोटं काही नाही, फसवणूक कायद्याच्या भाषेत तर अजिबातच नाही. पण ते विकत घेणाऱ्या आईला वाटलं असणार की बाळ आज पालक खातंय.

लहान बाळांच्याच बाबतीत कीटकनाशकांची एवढी चिंता का?

कारण बाळ स्वतःच्या वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त खातं आणि पितं, आणि तेही मोजकेच पदार्थ. मोठा माणूस आठवड्यात एखादं सफरचंद खाईल. बाळाला ते आवडलं तर महिनाभर रोज. त्यात मेंदू वेगानं वाढत असतो आणि यकृत, मूत्रपिंडं अजून तयार होत असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९३ मध्ये यावर अहवाल दिला. तोपर्यंतच्या मर्यादा प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवून आखल्या होत्या, मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, असं त्याचं म्हणणं थोडक्यात होतं. त्यानंतर १९९६ मध्ये तिथे कायदा बदलला आणि मुलांसाठी सुरक्षिततेची आणखी दहापट जागा सोडावी असं ठरलं. युरोपीय संघानं बाळांच्या तयार अन्नात कोणत्याही एका कीटकनाशकाचा अंश सर्वसाधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा नियम केला. हा नियम सेंद्रिय आणि साध्या, दोन्ही बाळ-अन्नांना सारखाच लागू आहे. म्हणजे तिथे बाळांसाठीची साधी गाजर प्युरी ही मोठ्यांसाठीच्या गाजरापेक्षा कडक चाळणीतून आलेली असते. ही गोष्ट सेंद्रिय माल विकणारे सहसा सांगत नाहीत.

सेंद्रिय खाल्लेली मुलं जास्त निरोगी असतात, हे सिद्ध झालंय का?

दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत होते.

शरीरात कीटकनाशकं कमी जातात का? हो, याबद्दल फारसा वाद नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिअ‍ॅटलजवळच्या एका अभ्यासात ३ ते ११ वर्षांच्या २३ मुलांना पाच दिवस नेहमीच्या अन्नाऐवजी तेच पदार्थ सेंद्रिय दिले. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन कीटकनाशकांच्या लघवीतल्या खुणा जवळजवळ लगेच दिसेनाशा झाल्या, आणि नेहमीचं अन्न सुरू झाल्यावर परतल्या. मुलं थोडी होती, पण निकाल स्पष्ट होता. २०१४ मध्ये ३४३ शोधनिबंध एकत्र तपासले गेले. त्यात साध्या पिकांत कीटकनाशकांचे अंश सापडण्याचं प्रमाण सेंद्रियच्या चौपट निघालं, शिवाय सेंद्रिय पिकांत कॅडमिअम हा विषारी धातू कमी आणि काही अँटिऑक्सिडंट जास्त आढळले.

म्हणून मूल जास्त निरोगी होतं का? हे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये हाच निष्कर्ष मांडला: अंश कमी असतात, जीवनसत्त्वं-खनिजांत महत्त्वाचा फरक नाही, आणि आरोग्यावर थेट फायदा दिसल्याचा पुरावा नाही. नेदरलँड्समधल्या पावणेतीन हजार मुलांच्या एका पाहणीत सेंद्रिय दूध-दुभतं खाणाऱ्यांमध्ये दोन वर्षांपर्यंत इसब कमी दिसलं, पण सेंद्रिय घेणारी घरं इतर अनेक बाबतींतही वेगळी असतात. त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

माझं मत विचाराल तर: टाळता येण्याजोगा अंश टाळायला पुराव्याची वाट बघायची गरज नाही. पण त्यासाठी बाळाच्या ताटातलं दुसरं काही कमी करावं लागत असेल, तर मात्र हिशेब उलटतो.

सगळंच सेंद्रिय घेणं परवडत नाही. कुठे घ्यावं आणि कुठे सोडावं?

हा खरा प्रश्न, आणि याला बरं उत्तर आहे.

आधी सालीकडे बघा. जे सालीसकट खायचं, ज्याची साल पातळ किंवा खडबडीत आहे, ज्याची पानंच खायची, तिथे अंश जास्त सापडतात. स्ट्रॉबेरी, पालक, सफरचंद, नाशपाती, पीच, द्राक्षं, ढोबळी मिरची ही नेहमीची नावं. जे जाड सालीआड किंवा शेंगेआड वाढतं तिथे कमी: कांदा, अननस, अ‍ॅव्होकाडो, मका, मटार, कोबी. ‘डर्टी डझन’ म्हणून दरवर्षी गाजणारी यादी साधारण हेच सांगते. ती यादी एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही अमेरिकी संस्था तिथल्या कृषी खात्याच्या तपासण्यांवरून काढते. तिच्यावर टीकाही झाली आहे, आणि ती मला पटते: किती वेळा आणि किती प्रकारचे अंश सापडले यावर भर असायचा, ते घातक पातळीच्या जवळ होते का यावर कमी. यादी दिशा बघायला वापरा, घाबरायला नको.

मग बाळाच्या आवडीकडे बघा. यादीपेक्षा हे महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. बाळ जे रोज आणि भरपूर खातं ते सेंद्रिय घ्या; आठवड्यातून दोन चमचे जे जातं त्याची चिंता सोडा. आठवडाभर फ्रिजच्या दारावर एक कागद लावून बाळानं काय किती खाल्लं ते लिहा. बहुतेक घरांत तीन-चार पदार्थच वरचेवर येतात. पिशवी हलकी होते ती तिथेच.

गोठवलेली सेंद्रिय फळं-भाज्या बहुधा ताज्यापेक्षा स्वस्त पडतात आणि पोषणात मागे नसतात. दळून बारीकच करायचं असेल तर टवटवीत दिसण्याचे पैसे कशाला द्यायचे?

आणि सेंद्रिय दोनच भाज्या परवडतात म्हणून त्याच दोन देत राहण्यापेक्षा साध्या सात-आठ भाज्या फिरवून दिलेल्या केव्हाही चांगल्या. फळं-भाज्यांचा फायदा पक्का आहे. त्यांच्यावरच्या अंशांचा तोटा त्याच्यापुढे अंदाजाचा आहे.

नीट धुतलं, सोललं तर साधंही चालेल का?

बऱ्याच अंशी. वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुणं हा पाया. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. फळांची साल ते शोषून घेते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या २०१७ च्या एका प्रयोगात सफरचंद खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशकं मोठ्या प्रमाणात निघाली: एक ८० टक्के, दुसरं ९६ टक्के. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम सोडा असं ते प्रमाण होतं. सालीच्या आत मुरलेला भाग मात्र निघाला नाही. तो सोलूनच जातो, आणि सोलताना थोडा चोथा आणि जीवनसत्त्वंही जातात. बाळासाठी पहिले काही महिने आपण सोलतोच, त्यामुळे हा तोटा मी मनाला लावून घेत नाही.

सेंद्रिय असेल तरीही धुवायचंच. शेणखतातून जंतू येऊ शकतात. म्हणूनच अमेरिकी सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत टाकल्यावर, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. नियम आहे म्हणजे धोका आहे, असं समजून चालावं.

सेंद्रिय तांदळाच्या पेजेत आर्सेनिक नसतं ना?

असतं. इथे सेंद्रियचा काही उपयोग होत नाही. आर्सेनिक जमिनीतून आणि पाण्यातून येतं, आणि भात पाण्यात उभा असल्यामुळे तो ते इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. पीक कोणत्या खतावर वाढलं हे मुळांना त्या बाबतीत ठाऊक नसतं. ब्राउन राइसमध्ये तर कोंड्यामुळे प्रमाण आणखी वाढतं. २०१२ च्या एका अभ्यासात सेंद्रिय ब्राउन राइसचं सिरप वापरलेल्या लहान मुलांच्या फॉर्म्युल्यात (आईच्या दुधाऐवजी द्यायच्या भुकटीत) आर्सेनिक ठळकपणे जास्त आढळलं होतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बाळांच्या तांदळाच्या सिरिअलसाठी, म्हणजे कालवून भरवायच्या तयार धान्यासाठी, असेंद्रिय आर्सेनिकची पातळी १०० पीपीबी (अब्ज भागांत १०० भाग) ठरवली ती २०२० मध्ये. (इथला ‘असेंद्रिय’ रसायनशास्त्रातला, शेतीतला नव्हे. हा घोळ मराठीत फार होतो.) शिशासाठीच्या पातळ्या त्याच संस्थेनं जानेवारी २०२५ मध्ये दिल्या: बहुतेक तयार बाळ-अन्नाला १० पीपीबी, नुसत्या कंदमुळांच्या प्युरीला आणि कोरड्या सिरिअलला २०.

घरात करता येण्याजोगं सोपं आहे. धान्य बदलत राहा: ओट, गहू, ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्यं, बार्ली, मका. तांदूळ बंद करायची गरज नाही, पण रोज तीन वेळा तोच नको. आणि भात सहा ते दहापट पाण्यात शिजवून वरचं पाणी काढून टाकलं तर असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतं. पेजेचं तेच पाणी बाळाला पाजायचं नाही, हे ओघानं आलंच. दुधाऐवजी तांदळाचं पेय देणं तर या वयात टाळावंच.

आमचं सेंद्रिय सिरिअल एकदम साधं आहे, ‘वरून काहीही न घातलेलं’. हे चांगलंच ना?

इथे मी बाजू बदलते.

बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला ती साधारण सहा महिने पुरते, कमी दिवसांच्या बाळाची लवकर संपते. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण असतं फार थोडं, लिटरला सुमारे ०.३५ मिलिग्रॅम. आणि अमेरिकी शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. मोठ्या पुरुषाला ८. ज्याचं पोट मुठीएवढं, त्याला बापापेक्षा जास्त लोह हवं! सल्ले देणाऱ्यांच्या गर्दीत हा आकडा क्वचितच ऐकू येतो, आणि लोहाच्या कमतरतेचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम हा कीटकनाशकांच्या अंशांपेक्षा खूप जास्त पक्का ठाऊक असलेला धोका आहे.

आता दोन डबे शेजारी ठेवा. एकावर सेंद्रियचा शिक्का आणि घटकांत एकच शब्द: तांदूळ. दुसरा साधा, पण यादीत लोह, जस्त, ब-जीवनसत्त्वं. आपल्याला ‘काहीही न घातलेलं’ वाचून बरं वाटतं, कारण घातलेलं म्हणजे भेसळ असं डोक्यात बसलंय. पण इथे घातलेलं लोह हेच औषध आहे. बाळ मांस, अंडं, शिजवून घोटलेल्या डाळी, कडधान्यं नीट खात असेल तर साधं सेंद्रिय सिरिअल खुशाल द्या. खात नसेल तर लोहयुक्त डबा घ्या, सेंद्रिय असो वा नसो. लोहयुक्त सेंद्रिय सिरिअलही मिळतं. पोषणाच्या तक्त्यात ‘लोह’ ही ओळ शोधा.

डाळी-पालेभाज्यांतलं लोह शोषायला क जीवनसत्त्व लागतं. त्याच घासात टोमॅटो, संत्रं, ढोबळी मिरची असं काही असू द्या. आणि लोहाचे थेंब स्वतःच्या मनानं सुरू करू नका. ते बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

पाउच रोज दिले तर चालतील का? सेंद्रियच आहेत.

प्रवासात, अडीनडीला, हो. रोज, नको.

एक तर साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ मध्ये चार शहरांतल्या तयार बाळ-अन्नाची पाहणी केली. त्यातल्या तीन शहरांत निम्म्या किंवा त्याहून जास्त पदार्थांत ३० टक्क्यांवर उष्मांक साखरेतून येत होते. ‘साखर घातलेली नाही’ हे खरं असतं, कारण गोडी फळांच्या आटवलेल्या रसातून आणलेली असते. सेंद्रिय सफरचंदाचा आटवलेला रस दातांच्या दृष्टीनं साखरच. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको आणि वर्षाच्या आत फळांचा रसही नको, सेंद्रिय असला तरी.

दुसरं म्हणजे बाळ खायला शिकत नाही. तोटीतून ओढणं ही चोखण्याचीच क्रिया. जीभ घास फिरवत नाही, हिरड्या चावत नाहीत, गाजर कसं दिसतं ते कळत नाही. पाउच घेतलाच तर वाटीत काढून चमच्यानं भरवा. नवीन भाजी बाळ आठ-दहा वेळा थुंकेल, मग एक दिवस मुकाट गिळेल. पाउचमध्ये सगळंच सफरचंदाच्या चवीचं असेल तर ती आठ-दहा वेळांची शाळा भरतच नाही.

सेंद्रिय मध थोडासा चाटवला तर?

नाही. वर्षाच्या आत कोणताच मध नाही. मधात क्लॉस्ट्रिडिअम बॉट्युलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. मध सेंद्रिय असल्यानं, उकळल्यानं किंवा पदार्थात शिजवल्यानं बीजाणू मरतील याची खात्री नाही.

दूध आणि फॉर्म्युला सेंद्रिय घ्यावा का?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईनं सेंद्रिय खाल्लं तरच दूध चांगलं, असं काही नाही. हे मुद्दाम लिहिते कारण हा प्रश्न पुष्कळ जणी हळूच विचारतात.

फॉर्म्युला द्यायचा असेल तर त्यात काय असावं हे कायद्यानं ठरलेलं असतं, त्यामुळे सेंद्रिय आणि साध्यातला पोषणाचा फरक छोटा आहे. सेंद्रिय घेतलाच तर गोडीसाठी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरलीय की तांदळाचं सिरप, ते बघा. भुकटी सेंद्रिय असली तरी निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवून मग निववायला सांगते. घरी सेंद्रिय घटक मिसळून ‘फॉर्म्युला’ बनवण्याच्या पाककृती फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात बाळांचे जीव धोक्यात आले आहेत.

वर्षानंतर गाईचं दूध सुरू कराल तेव्हा सेंद्रिय दुधात ओमेगा-३ साधारण निम्म्यानं जास्त असतं, असं २०१६ च्या एका आढाव्यात दिसलं. त्याच आढाव्यात आयोडीन कमी निघालं. एका हातानं मिळतं, दुसऱ्या हातानं जातं. कच्चं दूध मात्र कुठल्याही गोठ्यातलं नको.

घरीच केलं तर ते आपोआप चांगलं का?

बहुधा चांगलं, आणि स्वस्त नक्कीच. मीठ-साखर न घालता वाफवा, मऊसर कुस्करा. सुरुवातीला गुळगुळीत, पण आठ-नऊ महिन्यांनंतर गाठी राहू द्या. मिक्सरवर प्रेम करणाऱ्यांना हे जड जातं.

साठवताना काळजी घ्या. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, त्याहून जास्त हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक खण म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. जेवढं भरवायचं तेवढं वाटीत काढा. उष्टा चमचा बुडलेलं परत ठेवायचं नाही, लाळेतले जंतू त्यात वाढतात.

पालक, बीट, गाजर यांत नायट्रेट असतं, सेंद्रिय असली तरी. अगदी तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं कमी होऊ शकते. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू केलंत तर सहसा अडचण येत नाही. पण शिजवलेली पालेभाजी बाहेर तासन् तास ठेवू नका, नायट्रेटचं नायट्राइट होतं. आणि बाळाला जुलाब असतील तेव्हा या भाज्या तात्पुरत्या थांबवा. (बीट दिल्यावर दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसतो. डॉक्टरांना फोन करण्याआधी आदल्या दिवशी काय भरवलं ते आठवा. मी आठवलं नव्हतं.)

सेंद्रिय दिल्यानं अ‍ॅलर्जी टळते का?

नाही. सेंद्रिय शेंगदाणाही शेंगदाणाच. उलट, अ‍ॅलर्जीचे पदार्थ उशिरा देण्याचा जुना सल्ला आता मागे पडलाय. २०१५ च्या ‘लीप’ अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ती अ‍ॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होती. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो. पातळ केलेलं शेंगदाण्याचं लोणी (पीनट बटर) किंवा कूट. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ओळखीचा शेतकरी म्हणतो, ‘माझं सेंद्रियच आहे, प्रमाणपत्र तेवढं नाही.’ विश्वास ठेवावा का?

प्रमाणपत्राला पैसा आणि कागदपत्रं लागतात. छोटे शेतकरी त्यात मागे राहतात, म्हणून ते खोटे ठरत नाहीत. ‘फवारता का?’ असं विचारू नका; उत्तर ‘नाही’च येणार. विचारा: मागच्या खेपेला कीड पडली तेव्हा काय मारलं? फवारणी आणि तोडणीत किती दिवस ठेवता? बांधाला लागून कुणाचं शेत आहे, आणि तो काय मारतो? खरोखर तसं पिकवणारा माणूस यावर थांबता थांबत नाही, आणि कुठे काय फसलं तेही सांगतो.

मी गरोदर आहे. सेंद्रिय आतापासूनच सुरू करावं का?

परवडत असेल तर, खरं म्हणजे, याच काळात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या पाहण्यांत गर्भावस्थेत ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांशी जास्त संपर्क आलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक शाळेच्या वयात सरासरीनं कमी दिसला. त्यांच्यातलंच क्लोरपायरीफॉस युरोपीय संघानं २०२० मध्ये बंद केलं. घरात झुरळं-डास मारायला जे फवारलं जातं तेही याच हिशेबात धरा. भाजीवरच्या अंशापेक्षा ते नाकाच्या जास्त जवळ असतं.

पाळणाघरात साधंच अन्न देतात. घरचं सेंद्रिय मग वाया गेलं का?

नाही. अंश शरीरातून काही दिवसांत निघून जातात, त्यामुळे जेवढे घास सेंद्रिय गेले तेवढा फायदा झालाच. पाळणाघराला चिठ्ठी द्यायचीच असेल तर त्यात हे लिहा: वर्षाच्या आत मध नको, द्राक्षं उभी चार भागांत चिरून, कच्चं गाजर आणि अख्खे दाणे नकोत, आणि भरवताना बाळ बसलेलं असू द्या.